अळणी पार्टीची पंगत

तमाम ग्रामस्थ बंधू-भगिनी, वडीलधारी मंडळी, गुरंढोरं, आणि पुण्यात राहून गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी गुलाबाची फुलं पाठवणारे सर्व सन्माननीय, यांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की अळणी पार्टीची वार्षिक सर्वसाधारण सभा देवळाच्या उत्तरेकडच्या पायरीवर संपन्न झाली. सभेला अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार, प्रसिद्धीप्रमुख आणि झाडून सगळे सभासद हजर होते. सभेनं एकमतानं ठराव केला की पार्टीची पंगत यंदाही होणार म्हणजे होणारच.

हजर होते ते सगळे म्हणजे मी. ठराव मी मांडला, अनुमोदन मी दिलं, आणि उत्साहाच्या भरात टाळ्याही वाजवायला गेलो. त्यानं शिखरावरचे पारवे उडाले, तेव्हा सभा आवरती घेतली.

आमचं गाव मार्गासनीच्या पुढं, वेल्ह्याच्या रस्त्याला फाटा फुटतो तिथून आत. एवढ्या लहान गावात दिल्ली-मुंबईचे पक्ष येतात ते पाहुण्यासारखे, चहा पिऊन जातात. मुक्कामाला असतात त्या पार्ट्या. देवळाच्या कुठल्या पायरीवर टेकायचं, कुणाच्या गिरणीत दळण टाकायचं, कुणाच्या घरी हळदीपासून राबायचं आणि कुणाच्या लग्नात नुसत्या अक्षता टाकून निघायचं, हे सगळं पार्टी ठरवते. निवडणुकीच्या कागदांवर आमच्या पार्टीला भारदस्त नाव आहे. त्यात ग्रामदेवी आहे, विकास आहे, परिवर्तन आहे आणि शेवटी पॅनेल आहे. ते नाव आमच्या उमेदवारांनाही कधी एका दमात म्हणता आलं नाही. पंचक्रोशीत आम्हाला ओळखतात ते अळणी म्हणूनच. भोरच्या डेपोतून गाडी सुटताना कंडक्टर विचारायचा, "कुठल्या फाट्याला उतरणार? अळण्यांच्या का?" माझं लग्न ठरवताना मध्यस्थानं सासऱ्यांना सांगितलं होतं, "पोरगा अळणी आहे, पण बोलतो झकास." सासरे दोन दिवस विचारात पडले होते म्हणे. त्यांना वाटलं, काही आजार असावा.

आता तर आमच्या तालुक्याचंही सरकारी नाव बदललं. नव्या पाट्या लागल्या, शिक्के बदलले. अळणी मात्र जागच्या जागी आहे. कारण ते नाव कुठल्या कचेरीनं दिलेलं नव्हतं, ते पंगतीत पडलं. ते कसं पडलं, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला आणि अजून या गावात राहणारा बहुधा मी एकटाच उरलो आहे. तेव्हा सरसावून बसा.

मी तेव्हा नुकताच भोरला कॉलेजात जायला लागलो होतो. गावात तोपर्यंत एकच पार्टी होती, म्हणजे पार्टीच नव्हती. मग नळाची टाकी मंजूर झाली आणि ती वरच्या आळीत बांधायची का खालच्या, यावरून गाव उभं चिरलं. वरच्या आळीचे पुढारी फौजेतून परतलेले एक सुभेदार होते. उंच, ताठ, आणि चहासुद्धा हुकूम सुटल्यासारखा पिणारे. खालच्या आळीचा पुढारी म्हणजे गावातल्या एकुलत्या एक किराणा दुकानाचा मालक. सुभेदारांनी ठरवलं, नव्या पार्टीची सुरुवात देवीच्या पायाशी करायची, पौषातल्या मंगळवारी, पंगत घालून. ही पंगत एकाची नको, सगळ्यांची हवी. प्रत्येक घरानं काहीतरी आणायचं.

आणि आणलंही. आमच्या घरून इंद्रायणीचा तांदूळ गेला. कुणी पावटा सोलून दिला, कुणी गूळ, कुणी लाकडं, कुणी तेलाचा डबा, तिखट तर इतकं आलं की उरलेलं पुढं वर्षभर पुरलं. राहिलं फक्त मीठ.

यात कुणाचा विसराळूपणा नव्हता, आणि खरी गंमत इथंच आहे. आमच्याकडं माणूस कुणाची भाकरी खातो तेव्हा उपकार होतो, पण कुणाचं मीठ खातो तेव्हा तो त्याचा होतो, असा पक्का समज. आता सगळ्या गावाच्या पंगतीला आपण मीठ द्यायचं म्हणजे काय? म्हणजे सगळ्यांना आपल्या दावणीला बांधायचं! कुणाची होणार ती हिंमत? माझे वडील म्हणाले, हा मान सुभेदारांचा, आपण मधे पडू नये. शेजारचेही तेच म्हणाले. ज्यानं-त्यानं मोठ्या अदबीनं मीठ घरीच ठेवलं. आणि सुभेदारांनी काय केलं? त्यांनी पुढं आम्हाला सांगितलं ते असं, की पहिल्याच दिवशी मी मीठ आणलं असतं तर लोक म्हणाले असते, बघा, टाकी बाजूलाच राहिली, यानं तर आपल्याला चाकर करून ठेवलं.

आचारी पलीकडच्या गावचा. त्यानं कढईला पळी लावत विचारलं, "मीठ कुठं हाय?"

"येतंय," माझे वडील म्हणाले.

थोड्या वेळानं त्यानं आणखी एकाला विचारलं. तोही म्हणाला, "येतंय की." मग तो आंघोळीला ओढ्यावर गेला. परत आल्यावर त्याला वाटलं, आपल्या माघारी टाकलं असणार. चव बघून खात्री करावी तर तेही जमेना, कारण देवीला नैवेद्य दाखवल्याशिवाय उष्टं करायचं नाही. सुभेदारांनी आरती केली, नैवेद्य दाखवला, शंख फुंकला. माणसं पत्रावळीवर बसली. मी आमटीची बादली घेऊन वाढायला निघालो.

पहिला घास तोंडात गेला आणि पंगत गप्प झाली. मी एकेक चेहरा बघत पुढं सरकत होतो. कुणी वर बघतोय, कुणी आमटीत बघतोय, कुणी घास या गालातून त्या गालात फिरवतोय. पण हा देवीचा प्रसाद. प्रसादाला वाईट कसं म्हणणार? एकाहून एक तोंडाळ माणसं ती, रोज बायकोच्या कोरड्यासाला नावं ठेवणारी. त्या दिवशी खाली मान घालून जेवत होती.

पंगतीत नेमका गावचा एक जावई बसला होता, भाटघरच्या बाजूचा. त्याला ना टाकीचं देणंघेणं, ना देवीची भीड. त्यानं खणखणीत आवाजात हाक मारली, "ओ वाढपी, मीठ आणा जरा! आमटीत टाकायचं राहिलंय."

मी बादली घेऊन उभाच. वडील उठले. "आणतो मी घरनं."

"तुमी कशाला? आमचं घर जवळ हाय," म्हणून दुसरे उठले.

"तुमचं मीठ कशापायी? आमी काय मेलो व्हय?" तिसरे उठले.

पाहता पाहता निम्मी पंगत उभी राहिली. हातात घास, आणि भांडण असं की मीठ कुणाचं खायचं. कुणीतरी तोडगा काढला, "ऱ्हाऊ द्या वाद. ह्या पोराला दुकानात धाडा." मी निघालोसुद्धा. तेवढ्यात सुभेदारांचा आवाज आला, "खबरदार!"

मी माघारी फिरलो.

"दुकान कुणाचं हाय? त्याचं मीठ ह्या पंगतीत आलं, तर टाकी आजच खालच्या आळीत बांधली असं समजा."

"मग काय करायचं?" वडिलांनी विचारलं.

"करायचं काय? बसा खाली आन् जेवा. न्हाई कुणाचंच मीठ खायाचं!" आणि सुभेदारांनी माझ्यापुढं पत्रावळ सरकवून आणखी भात आणि आमटी मागून घेतली. आयुष्यात मी अनेक माणसांना जेवताना पाहिलं आहे, लग्नांत निवेदन करत उभा असतो मी, पण झेंड्याला सलामी दिल्यासारखं जेवताना त्यांनाच पाहिलं. मग सगळे बसले आणि सगळे जेवले. जावईसुद्धा.

जेवण झाल्यावर जावई तंबाखू घ्यायला दुकानात गेला. दुकानदार वाटच बघत होता. "कशी झाली पाव्हणं, पंगत?"

"ठार अळणी," जावई म्हणाला.

बस्स. दिवेलागणीपर्यंत आम्ही अळणी झालो होतो. दुसऱ्या दिवशी वेल्ह्याच्या बाजारात, तिसऱ्या दिवशी भोरला. टाकीच्या निवडणुकीत आम्ही पडलो, पुढच्या खेपेला निवडून आलो. टाकी शेवटी दोन्ही आळ्या सोडून तिसऱ्याच जागी झाली आणि ती अजून गळते.

पहिलं वर्ष-दोन वर्षं आम्हाला तो शब्द बोचायचा. अळणी म्हणजे बेचव, अळणी म्हणजे दम नसलेले, असा त्यांचा अर्थ. आम्ही दिसलो की दुकानातून कुणीतरी मिठाची पिशवी उंच धरायचा. मग सुभेदारांनी एकदा पारावर उभं राहून भाषण केलं. आयुष्यात त्यांनी केलेलं ते एवढंच भाषण, आणि तेही तीन वाक्यांचं. आम्हाला अळणी म्हणता ते बरोबर आहे, ते म्हणाले. आम्ही कुणाचं मीठ खाल्लेलं नाही. आम्ही कुणाला बांधील नाही. त्यानंतर तोच शब्द आमच्या टेम्पोच्या फळीवर रंगला आणि तो कर्ण्यावरून ओरडायचं काम माझ्याकडं आलं. मी गुंजवणीच्या काठानं सगळ्या वाड्यावस्त्या टेम्पोत उभा राहून पालथ्या घातल्या. "येऊन येऊन येणार कोण" वगैरे सगळेच ओरडतात. आमची घोषणा साधी, "कुणाचं मीठ खाल्लं न्हाई!" ती ऐकून बांधावरच्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या आणि मला वाटायचं, मी दिल्ली हलवतो आहे.

पंगत मात्र दर पौषात होत राहिली, आणि तिचा एक रिवाज पडला. आमटी बिनमिठाची करायची आणि प्रत्येकानं आपलं मीठ आपल्या घरून आणायचं. कुणाच्या सदऱ्याच्या खिशात वर्तमानपत्राची पुडी, कुणाच्या टोपीच्या घडीत, एकजण तर चुन्याच्या डबीत आणायचा आणि दरवर्षी चुना कुठला नि मीठ कुठलं याचा घोळ घालायचा. देवीला नैवेद्य झाला की सगळी पंगत एकदम पुड्या सोडायची. तो कागदांचा आवाज मला फार आवडायचा. मग चिमूट-चिमूट, ज्याच्या त्याच्या चवीनं. कुणी शेजाऱ्याच्या पुडीकडं बघायचंही नाही.

असा आमच्या नावाचा अर्थ आणि असा त्याचा उगम. पण त्या अर्थात एक गोष्ट होती जी तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आली नाही. कुणीच कुणाला बांधील नसेल, तर माणसं धरून ठेवायची कशानं?

सुभेदार गेले. माझे वडील गेले. काहीजणांची पोरं पुण्यात लागली आणि आई-बापांना घेऊन गेली; त्यांची दारं आता दिवाळीला उघडतात, आणि अलीकडं दिवाळीलाही उघडतीलच असं नाही. जे राहिले त्यातले निम्मे समोरच्या पायरीवर गेले. कुणी भांडून गेलं नाही. एकानं मला फाट्यावर गाठून सांगितलं, "राग मानू नगंस. तिकडं जरा बोलाय-चालाय असतंय." मी म्हटलं, छे, राग कसला. कुणी कुणाला बांधील नाही, हेच तर मी इतकी वर्षं ओरडत होतो.

समोरच्या पार्टीला अजून टोपणनाव नाही. त्यांना सगळे "ते" म्हणतात. दुकानदाराचा मुलगा आता त्यांचा पुढारी आहे. आम्ही भोरला एकाच गाडीनं कॉलेजला जायचो आणि पार्टीमुळं वेगवेगळ्या बाकांवर बसायचो. एकदा तो मला म्हणाला होता, "तुमचं बरं आहे राव. नाव तरी हाय तुमाला." मी त्याला एक-दोन नावं सुचवली. ती इथं लिहिण्यासारखी नाहीत.

माझा धंदा बोलण्याचा. लग्नात माईक धरून मी निवेदन करतो. "वधूच्या मामांनी वधूला घेऊन यावं", "जेवणाची व्यवस्था मांडवाच्या मागं केली आहे", मधे चार विनोद, मंगलाष्टकाला आवाज. भोर, नसरापूर, वेल्हे, सगळीकडं बोलावणी येतात. मांडवभर माणसं माझ्या तोंडाकडं बघत असतात. संध्याकाळी एसटीतून उतरतो, फाट्यावरून चालत येतो, कडी काढतो, आणि घरात जे काही बोलायचं ते माझं मलाच. बायको पुण्यात धायरीला मुलीकडं आहे. नातू झाला तेव्हा थोड्या दिवसांसाठी म्हणून गेली. आता नातू शाळेत जातो. तिचं काही चुकत नाही. मुलगी-जावई दोघंही कामाला, पोराला कोण बघणार? मोबाईलची रेंज आमच्या घरात येत नाही, ती देवळाच्या उत्तरेकडच्या पायरीवर येते. म्हणून रोज सांजच्याला मी तिथं. फोन झाला तरी मी लगेच उठत नाही. समोरच्या पायरीवर चहा चाललेला असतो. अंतर म्हणाल तर मधे एक दीपमाळ, बस. ते मला बघतात, मी त्यांना बघतो.

यंदा निवडणूक लागायची चर्चा सुरू झाली आणि ठरलं की गाव बिनविरोध करायचं. विरोध करायला होतंच कोण? दुकानदाराचा मुलगा दीपमाळ ओलांडून माझ्याकडं आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"ये की आमच्यात," तो म्हणाला. "खुर्ची ठेवतो तुजी. माईकबी तुझाच."

"आणि अळणी पार्टीचं काय?"

"आरं, कोण ऱ्हायलंय तुज्या पार्टीत?"

मी इकडंतिकडं बघितलं. पायरीवर माझी चप्पल होती.

त्याच सांजेला पायरीवर बायकोचा फोन आला. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तिकडं कुणाकडं जाऊ नका नि इकडंही एकटे बसू नका. कुलूप लावा आणि या. हॉलमध्ये दिवाण आहे, गॅलरी आहे, माणसं दिसतात रस्त्यावरची."

धायरीची ती गॅलरी मला ठाऊक होती. तिथून समोरच्या इमारतीच्या गॅलऱ्या दिसतात. त्यांतही माझ्याच वयाची माणसं बसलेली असतात.

"पंगत होऊ दे," मी म्हटलं. "यंदा एक जरी माणूस जेवायला आलं, तर मी इथं राहतो. कुणीच नाही आलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं येतो. पिशवी घेऊन."

"एक तरी?"

"एक तरी."

"आणि तुम्ही स्वतःला धरायचं नाही हं त्यात," ती म्हणाली. बायको मला ओळखते.

पौषातल्या मंगळवारी सकाळी माळ्यावरचा कर्णा काढला, बॅटरी जोडली, देवळाच्या खांबाला बांधला. आवाज लावून बघितला. अजून चांगला जातो तो, वरच्या धनगरवाड्यापर्यंत. मग चूल पेटवली. पहिला प्रश्न, किती माणसांचं करायचं? पार्टीच्या इतिहासात हा प्रश्न कधी पडला नव्हता. एकाचं केलं तर अपशकुन, पन्नासाचं केलं तर वेडेपणा. शेवटी घरातलं सगळ्यात मोठं पातेलं घेतलं आणि ते अर्धं भरलं. पावटा मीच सोलला. पावटा सोलायला खरं तर चार माणसं लागतात. हात चालवायला एक आणि गप्पांना तीन.

नैवेद्य दाखवला. शंख फुंकला, तोही दुसऱ्या प्रयत्नात वाजला. कर्ण्यावरून पुकारलं, "ऐका! अळणी पार्टीच्या सर्व सभासदांनी, माजी सभासदांनी, सभासदांच्या पोराबाळांनी आणि ज्यांना फक्त भूक लागली आहे अशा सर्वांनी देवळात यावं. मीठ आपापलं आणावं!" डोंगरावरून आवाज परत आला. मीच मला दुसऱ्यांदा बोलावल्यासारखं झालं.

पत्रावळ्यांची एक ओळ मांडली. वारा होता, म्हणून प्रत्येकीवर एक गोटा ठेवला. आणि बसलो.

समोरच्या पायरीवर मंडळी जमली होती. एकजण ओरडला, "अध्यक्ष! पहिली पंगत उठली का?"

"गर्दी आवरत नाही!" मी उत्तर दिलं. "तुम्ही दुसऱ्या पंगतीला या!"

ते हसले, मीही हसलो. मला मनापासून हसू आलं. बिनमाणसांची पंगत मांडून राखण करणारा मी, असला देखावा मला दुसऱ्या कुणाचा बघायला मिळाला असता तर मी तिकीट काढून बघितला असता. दुकानदाराचा मुलगा तेवढा हसला नाही. तो कपातच बघत होता. समोरच्यांतले तिघेजण जुने अळणी. त्यांनी वास ओळखला असणार, पावट्याच्या आमटीचा वास लपत नाही. एकानं मान वळवली, मला वाटलं उठतो आहे. तो उठला आणि दुकानामागं लघवीला जाऊन आला.

भोरची गाडी फाट्यावर आल्याचा हॉर्न ऐकू आला. चालत येणारी माणसं दिसायला जरा वेळ लागतो. एक जोडपं आलं, ते पुढच्या वस्तीला गेलं. ऊन पत्रावळ्यांवरून सरकत भिंतीकडं गेलं. आमटीवर साय धरल्यासारखा थर आला, मी तो मोडला, परत ढवळली. समोरची मंडळी एकेक करून आपापल्या घरी जेवायला गेली. मग चहाटपरीवालाही पडदा ओढून गेला. मला हसवायलाही कुणी उरलं नाही. मनात मी पिशवी भरायला लागलो. दोन धोतरं, लग्नातला कोट, बीपीच्या नव्हे पण पित्ताच्या गोळ्या. कर्ण्याचं काय करायचं? धायरीच्या गॅलरीत कर्णा कुठं टांगणार?

मी गोटे गोळा करायला उठलो. तेवढ्यात दीपमाळेच्या मागून काठी वाजली.

वरच्या धनगरवाड्यातल्या काकी होत्या. त्यांचा मालक आमच्या पार्टीचा, अगदी पहिल्या पंगतीपासूनचा. चुन्याच्या डबीत मीठ आणायचा तो हाच. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली. मुलं शेळ्या-मेंढ्या विकून पुण्याकडं गेली. काकी वर एकट्याच राहतात हे मला माहीत होतं, पण त्या खाली क्वचितच उतरतात. आणि पंगतीत तर त्या कधीच बसलेल्या नव्हत्या. आमच्या पंगतीला बायका घरून भाकरी पाठवायच्या. बसायचे ते गडी.

"पंगत हितंच हाय न्हवं?" काकींनी विचारलं. त्यांना दम लागला होता.

"हितंच, काकी. बसा, बसा."

"आवाज आला वर. म्हनलं, अजून चालू हाय व्हय ह्येंची पंगत." त्यांनी ओळ बघितली. "बाकीची कुठं हायती?"

"येतायत," मी म्हटलं.

त्यांनी काठी खांबाला टेकवली. मग ओळीतल्या पहिल्या पत्रावळीवरचा गोटा उचलून बाजूला ठेवला आणि बसल्या. मी भात वाढला, आमटी वाढली. रिवाजाप्रमाणं मी खिशातून माझी पुडी काढली आणि विचारलं, "काकी, मीठ आणलंय का?"

"मीठ कशाला? डाक्टरनं तोडलंय माजं मीठ. बीपी. सा महिनं झालं, अळणीच खातीया."

आता सांगा, मी कसा आवरणार? इतक्या वर्षांच्या इतिहासात एवढा अस्सल सभासद पार्टीला मिळाला नव्हता. आम्ही सगळे चोरून चिमूट टाकणारे! मी धावत जाऊन माईक उचलला. गावात घराघरातून माणसं जेवत असतील, ऐकू देत. "माझ्या बंधू-भगिनींनो! आत्ता, या क्षणी, पार्टीच्या ज्येष्ठ आणि श्रेष्ठ नेत्या पंगतीला येऊन दाखल झालेल्या आहेत! पार्टीच्या वतीनं मी त्यांचं हार्दिक स्वागत करतो. त्यांच्या दिवंगत यजमानांनी या पार्टीची..."

बोलता बोलता मी वळून बघितलं. काकींनी भात कालवला होता, पण हात पत्रावळीवर तसाच होता. त्या माझी वाट बघत होत्या. मी आणखी दोन वाक्यं टाकली, सुभेदारांचं नाव घेतलं, टाकीवर येणार इतक्यात त्यांनी शेजारच्या पत्रावळीवर हात आपटला आणि त्या ओरडल्या. कर्णा चालूच होता, त्यामुळं ते वरच्या वाड्यापर्यंत गेलं असणार:

"आरं, भाषान ऱ्हाऊ दे बाबा, बस की हितं माज्याजवळ! रोज भिताडाकडं बघून जेवतीया मी."